'चेक'चा माग: एका इंग्रजी शब्दाचे दहा अर्थ एकत्र कसे लावायचे

मेल चेक केलास का, चेक वटला का, तो चेक्सचा शर्ट कुठे टाकलास, चेक-इन किती वाजता आहे. दिवसभरात आपण हा शब्द इतक्या वेळा वापरतो की तो इंग्रजी आहे हेही लक्षात राहत नाही. आणि हे सगळे 'चेक' एकच आहेत की उगाच सारखे ऐकू येणारे वेगवेगळे शब्द आहेत, हा प्रश्न तर पडतच नाही. मला तो एकदा पडला आणि अख्खी संध्याकाळ त्यात गेली, पण त्यातून एक पद्धत हाताला लागली जी नंतर कुठल्याही शब्दाला लावता येते. तीच सांगते, चेकलाच हाताशी धरून. भाषाशास्त्र वगैरे शिकलेलं असायची काही गरज नाही, वही-पेन आणि इंटरनेट पुरे.

शब्द निवडताना एक पथ्य पाळा, 'सेट' किंवा 'रन' घेऊ नका. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीची 1989 ची आवृत्ती 20 खंडांची आहे आणि त्यात सगळ्यात लांब नोंद 'सेट'ची होती, तिथून सुरुवात केलीत तर दुसऱ्या दिवशी वही कपाटात जाणार. दहा-बारा अर्थ असलेला, रोज तोंडात येणारा शब्द बरा.

पहिलं काम: डिक्शनरी बंदच ठेवा

आधी नुसती वाक्यं लिहून काढा. अर्थ लिहू नका, वाक्यं लिहा, कारण अर्थ लिहायला बसलं की आपण लगेच डिक्शनरीसारखं बोलायला लागतो आणि निम्मे अर्थ सुटतात. 'बॅटरी चेक कर', 'चेक बाऊन्स झाला', 'राजाला चेक दिला', 'खर्चाला काहीतरी चेक हवा', असं जे सुचेल ते. माझी आठ-नऊ वाक्यं झाली आणि मी अडकले.

मग आपण स्वतः वापरत नाही पण ऐकलेले असतात ते अर्थ. अमेरिकेत जेवण झाल्यावर वेटरकडे चेक मागतात, म्हणजे बिल. फॉर्मवर बरोबरची खूण करायची असेल तर ब्रिटिश माणूस तिला टिक म्हणतो आणि अमेरिकन चेक, म्हणून तर वेबसाइटवरच्या त्या छोट्या चौकोनाला चेकबॉक्स म्हणतात. थिएटरमध्ये कोट जमा करून बिल्ला घेतात त्या जागेला कोट चेक. आइस हॉकीत समोरच्याच्या अंगावर जाऊन त्याला अडवलं तर तोही चेक. पोकरमध्ये पैसे न लावता डाव पुढच्यावर ढकलला तरी चेक. आणि कोणी बोलावलं पण आज जमणार नाही, पुन्हा कधीतरी, असं सांगायचं असेल तर अमेरिकन लोक रेन चेक घेतो म्हणतात. हा मला फार आवडतो, त्याच्यावर नंतर येते.

दुसरं काम: ढीग करा, आणि चुकायची तयारी ठेवा

आता ही वाक्यं ढिगांत वाटा. जे अर्थ एकमेकांजवळचे वाटतात ते एकत्र. माझे ढीग असे झाले: तपासणं एकीकडे, अडवणं-रोखणं एकीकडे, पैशाचा कागद तिसरीकडे, बिल्ले-पावत्या-खुणा चौथीकडे, बुद्धिबळ पाचवं, आणि कापडावरच्या चौकड्या अगदी लांब कोपऱ्यात एकट्या. मी पेन्सिलने लिहूनसुद्धा ठेवलं होतं की चौकड्यांचा बाकीच्यांशी काही संबंध नसणार. ते वाक्य अजून वहीत आहे, त्याच्यावर काट मारलेली.

हा अंदाज लिहून ठेवणं महत्त्वाचं आहे बरं का, कारण नंतर उत्तर कळलं की आपल्याला वाटायला लागतं की हे तर आपल्याला माहीतच होतं. लिहिलेलं असलं की पळता येत नाही.

इथे देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी एक खड्डा आहे. 'चेक प्रजासत्ताक' आणि 'चेकची भाषा' यातला चेक आपण अगदी तसाच लिहितो, पण तो देश आणि ती माणसं वेगळी, त्यांचं नाव त्यांच्या स्वतःच्या भाषेतलं आहे आणि इंग्रजीत त्याचं स्पेलिंग सी-झेड ने सुरू होतं, तेही पोलिश भाषेकडून घेतलेलं. लिपी बदलली की दोन अनोळखी शब्द एकमेकांचे जुळे भाऊ दिसायला लागतात. म्हणून प्रत्येक वाक्यासमोर इंग्रजी स्पेलिंगही लिहा. तसं केलंत की अजून एक गोष्ट दिसेल, बँकेचा चेक ब्रिटिश पद्धतीने शेवटी क्यू-यू-ई लावून लिहितात आणि अमेरिकन लोक तोच साधा सी-के ने संपवतात. हे स्पेलिंग वेगळं आहे म्हणून शब्द वेगळा असेल का? नाही, पण का नाही ते पुढे.

तिसरं काम: आता डिक्शनरी उघडा, पण अर्थ वाचू नका

फुकटात मिळणारी तीन ठिकाणं पुरतात. एटिमऑनलाइन, विक्शनरी आणि मेरियम-वेबस्टर. ऑक्सफर्डची मोठी डिक्शनरी सगळ्यात खोल, पण तिला वर्गणी लागते, एखाद्या लायब्ररीमार्फत मिळाली तर सोडू नका.

उघडल्यावर पहिल्यांदा एकच गोष्ट बघायची: त्या स्पेलिंगच्या नोंदी किती, आणि प्रत्येक नोंदीत मूळ काय दिलंय. कधी नोंद नुसती नाम-क्रियापद म्हणून वेगळी केलेली असते, त्याला महत्त्व नाही. पण दोन नोंदींची मुळं वेगवेगळ्या भाषांकडे बोट दाखवत असतील तर समजायचं की हे दोन शब्द आहेत आणि योगायोगाने एका दारात उभे राहिलेत. 'मॅच' असा आहे. काडेपेटीतली मॅच जुन्या फ्रेंचमधल्या वातीच्या शब्दावरून आली आणि जोडीला शोभणारी, बरोबरीची ती मॅच जुन्या इंग्रजीतल्या जोडीदाराच्या शब्दावरून. काडी आणि क्रिकेटचा सामना यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही.

चेकचं तसं निघालं नाही. सगळ्या वाटा शेवटी एकाच दाराशी येत होत्या, चौकड्यांचीसुद्धा. तिथेच मी ती काट मारली.

चौथं काम: प्रत्येक अर्थासमोर साल लिहा

हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि सगळ्यात उपयोगी पण हेच. डिक्शनरीत प्रत्येक अर्थ पहिल्यांदा लिहिलेला कधी सापडला त्याचा काळ दिलेला असतो. लिहिलेला, हे लक्षात ठेवा, बोलण्यात तो त्याच्या आधीपासून असणारच. ती सालं क्रमाने लावली की अर्थ आपोआप रांगेत उभे राहतात आणि कोण कोणाचा बाप ते दिसतं, निदान कोण कोणाचा बाप असू शकत नाही एवढं तरी नक्की दिसतं.

माझी रांग साधारण अशी झाली. सगळ्यात आधी, 1300 च्या आसपास, बुद्धिबळातला चेक. त्याच शतकात 'एकदम थांबणं, अडणं'. चौकड्या 1400 च्या सुमाराच्या. 'काबूत ठेवणं' 17व्या शतकात. आणि आपण जो दिवसातून पन्नास वेळा वापरतो तो 'तपासून बघणं' त्याच शतकाच्या अगदी शेवटी, 1690 च्या दशकात! बँकेचा कागद त्याच्याही नंतर, 18व्या शतकात.

म्हणजे आपल्याला जो अर्थ मुख्य वाटतो तो या घरातला धाकटा आहे आणि ज्याला आपण खेळातला एक किरकोळ शब्द समजतो तो आजोबा. असं उलटं निघालं की समजायचं, आता मजा येणार आहे.

पाचवं काम: दोन सालांच्या मध्ये पूल बांधा

रांग लागली म्हणजे गोष्ट कळली असं नाही. 'राजाला शह' पासून 'मेल तपासणं' इथपर्यंत माणसं पोचली कशी, हे तुम्हाला प्रत्येक दोन पायऱ्यांमध्ये एका साध्या वाक्यात सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर मधली एखादी पायरी सुटली आहे.

शह बसला की काय होतं बघा. तुमच्या डोक्यात भारी प्लॅन असेल, दोन चालींत वजीर मारायचा असेल, ते सगळं जागच्या जागी थांबतं, आधी राजा वाचवावा लागतो. दुसरी कुठलीही खेळी चालतच नाही. म्हणजे 'चेक' हा शब्द ज्यांनी पटावर ऐकला त्यांच्यासाठी तो अचानक ब्रेक लागणं हाच अनुभव होता. मग पटाबाहेरही कुठल्याही अचानक अडवणुकीला चेक म्हणायला लागले, हा पहिला पूल. अडवणं एकदाचं असतं, सतत अडवत राहिलं की ते काबूत ठेवणं होतं, हा दुसरा. राज्यघटनेच्या चर्चेत सरकारच्या एका अंगाने दुसऱ्यावर ठेवलेला जो चेक म्हणतात तो इथला, आणि हॉकीतली ती धडकही इथलीच. मग तिसरा पूल: एखाद्याने काही दावा केला, हिशोब दाखवला, तो तसाच पुढे जाऊ न देता थांबवायचा आणि दुसऱ्या कागदाशी ताडून बघायचा. अडवणं आणि तपासणं इथे एकत्र येतात. चेकपोस्टवर गाडीला नेमकं हेच दोन्ही होतं, आधी थांबवतात मग बघतात, म्हणून मला चेकपोस्ट हा या शब्दाचा सगळ्यात प्रामाणिक वापर वाटतो.

पैशाच्या कागदाचा पूल जरा लांबचा आहे, त्याला दोन खांब आहेत. पहिला खांब म्हणजे अफरातफरीला लावलेला अटकाव. पैशाच्या कागदाचा एक तुकडा देणाऱ्याकडे ठेवायचा, म्हणजे समोरच्याने आकडा बदलला किंवा खोटा कागद आणला तर दोन्ही तुकडे ताडून बघता येतात. 18व्या शतकाच्या सुरुवातीला चेक म्हणजे हा मागे राहिलेला तुकडा, आपण ज्याला स्थळप्रत म्हणतो तो. पुढे नाव सरकलं आणि देऊन टाकलेल्या कागदालाच चिकटलं. शब्दांचं असं फार होतं, ते शेजारच्या वस्तूवर उडी मारतात. बिल्ले आणि पावत्या याच खांबाच्या: कोट ठेवला, बिल्ला घेतला, परत जाताना ताडून बघितलं. रेन चेक पण हाच. अमेरिकेत 1880 च्या दशकात बेसबॉलचा सामना पावसाने बुडाला की तिकिटाच्या त्या तुकड्यावर पुढचा सामना बघायला मिळायचा.

दुसरा खांब म्हणजे क्यू-यू-ई वालं स्पेलिंग, आणि इथे चौकड्या परत येतात. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला 'चान्सेलर ऑफ द एक्सचेकर' म्हणतात. हा एक्सचेकर म्हणजे मुळात बुद्धिबळाचा पट. 12व्या शतकात इंग्लंडच्या राजाचा हिशोब ज्या टेबलाभोवती बसून व्हायचा ते साधारण 10 फूट लांब आणि 5 फूट रुंद होतं, त्यावर रेघांनी रकाने पाडलेलं काळं कापड अंथरायचे आणि त्या रकान्यांत सोंगट्या सरकवून बेरीज-वजाबाकी करायचे. हे वर्णन तेव्हाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने स्वतः लिहून ठेवलंय. टेबल बुद्धिबळाच्या पटासारखं दिसतं म्हणून टेबलाचं नाव तेच पडलं, टेबलावरून खात्याला तेच नाव, आणि बँकेच्या चेकचं स्पेलिंग पुढे या खात्याच्या नावाकडे बघून वाकडं झालं. कापडावरच्या चौकड्यांनाही पटावरूनच नाव मिळालं. शर्यतीच्या शेवटी फडकवतात तो काळा-पांढरा झेंडा तर सरळसरळ पटच आहे.

जरा आडवळण घेते, कारण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. याच एक्सचेकर खात्यात कागदाच्या आधी हिशोबाला लाकडाच्या काठ्या होत्या. काठीवर रकमेच्या खाचा पाडायच्या आणि ती उभी चिरून अर्धी याला अर्धी त्याला, म्हणजे स्थळप्रतीचीच लाकडी बहीण. त्यांना टॅली म्हणतात, आपण 'हिशोब टॅली होत नाही' म्हणतो तोच शब्द. पद्धत बंद झाल्यावर उरलेल्या जुन्या काठ्या 16 ऑक्टोबर 1834 ला लंडनच्या पार्लमेंटच्या तळघरातल्या भट्टीत जाळायला घेतल्या आणि त्या आगीत पार्लमेंटच जळून गेलं. एका शब्दाच्या मागे लागलं की अशा ठिकाणी जाऊन पोचतो माणूस.

सहावं काम: इंग्रजीच्या मागे जा, आणि मग आपल्या घरात बघा

डिक्शनरीच्या मूळ सांगणाऱ्या ओळीत भाषा उलट्या क्रमाने दिलेल्या असतात, एकेक पायरी खाली उतरायची. इंग्रजीत चेक आला जुन्या फ्रेंचमधल्या 'एशेक' वरून, तो आला मध्ययुगीन लॅटिनमधल्या 'स्काकुस' वरून, तो अरबीमार्फत फारसीतून, आणि फारसीतला तो शब्द म्हणजे 'शाह'. राजा! राजा धोक्यात आहे हे सांगायला खेळणारा नुसतं 'शाह' म्हणायचा.

इथे आल्यावर मी वही बाजूला ठेवली आणि हसत बसले. कारण आपण मराठीत काय म्हणतो? शह. शह देणे, शहाला काटशह. इंग्रजीतला चेक आणि मराठीतला शह हा एकच शब्द आहे, एक युरोप फिरून आला आणि एक फारसीतून थेट. म्हणजे 'बॉसच्या प्लॅनला तिने शह दिला आणि मग रिपोर्ट चेक केला' या वाक्यात आपण एकच शब्द दोन वेषांत वापरतो. चेकमेट म्हणजे 'शाह मात', आणि 'मात करणे' पण आपल्याकडे आहेच. बादशहा, शहेनशहा सगळे याच घरातले. अजून एक पायरी खाली गेलात तर या शाहच्या मुळाशी जुन्या इराणी भाषेतला राज्य करणं अशा अर्थाचा धातू आहे, आणि संस्कृतातलं 'क्षत्र' त्याचंच भावंड, म्हणजे क्षत्रिय पण नात्यात.

आता आडवी नाती बघा, वेगवेगळ्या भाषांत हाच शब्द कुठे कुठे बसलाय ती. इंग्रजीत 'चेस' हे खेळाचं नाव दुसरं काही नसून त्याच 'एशेक'चं अनेकवचन आहे. जर्मनमध्ये खेळाला शाख म्हणतात, रशियनमध्ये शाखमाती, म्हणजे त्यांनी शहमात अख्खीच उचलली. फ्रेंचमध्ये एशेक म्हणजे अपयश पण होतं. स्पॅनिश लोकांनी मात्र राजाचं नाव न घेता खेळाचंच नाव घेतलं, 'अखेद्रेस', ते अरबी शतरंज वरून, आणि शतरंज म्हणजे आपलं चतुरंग, हत्ती-घोडे-रथ-पायदळ. हे आडवं शोधायला विक्शनरी मस्त आहे, 'डिसेंडंट्स' नावाच्या यादीत सगळं खानदान मिळतं.

सातवं काम: गोड गोष्टींवर संशय घ्या

मुळं शोधणाऱ्याचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे फॉरवर्ड. न्यूज म्हणजे नॉर्थ-ईस्ट-वेस्ट-साउथ, टिप म्हणजे अमुक तीन शब्दांची आद्याक्षरं, हे दोन्ही खोटं आहे. सोपा नियम: शब्द 20व्या शतकाच्या आधीचा असेल आणि कोणी तो आद्याक्षरांपासून बनला म्हणत असेल तर सोडून द्या, तेव्हा लोक असे शब्द बनवतच नव्हते म्हटलं तरी चालेल.

पण सगळ्याच चुकीच्या गोष्टी इतक्या बावळट नसतात. बँकेचा चेक अरबी 'सक्क' वरून आला असं बरेच जण सांगतात. सक्क खरंच होता, पैसे देण्याचा लेखी कागद, अरबी व्यापारात चालायचा, आवाजही जुळतो आणि अर्थ तर काय, डिट्टो. तरी इंग्रजी डिक्शनऱ्या ती वाट धरत नाहीत. कारण सालं. इंग्रजीत तो अर्थ उगवतो 18व्या शतकात आणि उगवतो तेव्हा त्याचा अर्थ पैसे देण्याचा कागद नसून मागे ठेवलेला पडताळणीचा तुकडा असतो, म्हणजे तो घरच्याच 'चेक'मधून वाढताना डोळ्यांसमोर दिसतो. आवाज आणि अर्थ जुळणं पुरेसं नाही, मधल्या पायऱ्या कागदावर दिसल्या पाहिजेत. चौथं काम कंटाळा न करता केलेलं असलं की इथे कामाला येतं.

'मात'चंही तसंच. अरबीत त्याचा अर्थ 'मेला' म्हणून 'राजा मेला' असं सगळीकडे छापलेलं सापडेल. पण फारसीत मात म्हणजे हतबल, काही चालेनासा झालेला, आणि खेळात राजाला कधी मारतच नाहीत, तो कोंडला जातो. मला तरी फारसी अर्थच पटतो. आणि चेकमेट मधला 'मेट' म्हणजे मित्र वगैरे नाही हो, तो मेट वेगळा, जर्मन घराण्यातला, मुळात एकत्र जेवणारा असा.

सरावाला

सात कामं एकदा केली की दुसरा शब्द निम्म्या वेळात होतो. 'फाइन' घ्या, दंडवाला आणि छानवाला, दोन्ही लॅटिन 'फिनिस' म्हणजे शेवट यावरून आलेत, पूल तुम्ही बांधा (हिंट: भांडण मिटवायला, संपवायला दिलेले पैसे). 'पोस्ट' घेतलात तर सावध राहा, तिथे तीन वेगळी माणसं एका नावाने राहतात: खांब, टपाल, आणि 'नंतर' या अर्थाने शब्दाच्या पुढे जोडलेला. 'बँक' मध्ये नदीचा काठ आणि पैशाची बँक वेगळ्या वाटतात, डिक्शनरी वेगळ्याच नोंदी देते, पण खूप मागे गेलं की दोघी एकाच जर्मानिक शब्दाशी पोचतात. पैशाची बँक इटालियन सराफाच्या बाकावरून आली, बाकडं या अर्थाचा शब्द, आणि नदीचा काठही तसाच, जमिनीने घातलेलं बाक.

'बॉक्स' मी सध्या करतेय. खोका वाला सुटला, तो एका झाडाच्या लॅटिन नावावरून, त्या लाकडाचे डबे करायचे. बॉक्सिंगवाल्या बॉक्सला मात्र सगळ्या डिक्शनऱ्यांनी 'मूळ अनिश्चित' लिहून हात वर केलेत, म्हणून वहीत त्याच्यासमोर अर्धं पान कोरं सोडलंय.